स्वतंत्र बेसिनचा अर्ज

मोदकांची उकड माझ्या हातांखाली होती. नीट मळून झाली होती, अजून गरम होती. सुलभाताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"नागपूरच्या ना तुम्ही? नागपुरात कुठे?"

"इंदोरा," मी म्हणाले.

"हो का. छान."

सुलभाताई इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी माझ्या हातांखालची परात ओढली. चमच्याने सगळी उकड खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाल्या, "जरा चिकट झालीये. पुन्हा काढू या." उकड चिकट नव्हती. मग शेगडीवरचं पातेलंही उतरवलं. त्यात मी मोदक उकडण्यासाठी पाणी ठेवलं होतं. तेही त्यांनी बेसिनमध्ये ओतलं. उकड बिघडू शकते. पाणी कसं बिघडतं?

पातेलं घासून झालं. पुन्हा एकदा घासून झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या, हसल्या.

"तुम्ही असं करता का, बाहेर चपलांकडे बघा. तिथे कुणीच नाहीये हो. लोक कशाही टाकतात."

स्वयंपाकघरात आणखी चार बायका होत्या. एकीनेही मान वर केली नाही. एकीने नळ जरा जास्त सोडला.

मी बाहेर गेले. हॉलच्या दाराशी खाली बसले आणि बुटांच्या जोड्या लावू लागले. आत आरती सुरू झाली. माझी मुलगी ईशा मला शोधत आली. ती इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकते.

"आई, तू शूज का करतेस? तुझा नाव तर किचनच्या लिस्टवर होता."

मी वॉटफर्डच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तीस मुलांसमोर उभी राहून मी रोज 'का' या शब्दाचं उत्तर देते. त्या दिवशी स्वतःच्या मुलीला दिलं नाही.

जे वाचक या अनुभवातून गेले नसतील त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करते. परदेशात आडनाव पुरत नाही. माझ्या नवऱ्याच्या आडनावावरून काहीच कळत नाही. म्हणून शहर विचारतात. मग भाग विचारतात; इंदोरा म्हटलं की दलित वस्ती, हे त्यांना ठाऊक असतं. त्यानेही भागलं नाही तर, "लग्न कुठल्या पद्धतीने झालं तुमचं?" असं गप्पांच्या ओघात विचारतात. हे सगळं अतिशय गोड आवाजात चालतं. विचारणाऱ्या बाईला उत्तर मिळतं आणि तिचा आवाज तसाच गोड राहतो. फक्त परात उचलली जाते.

घरी आल्यावर मी सगळं नवऱ्याला सांगितलं; ईशा ऐकत होती. तो म्हणाला, "सोड. आपण स्टॅनमोरच्या मंडळात जाऊ." तो ब्रॅकनेलच्या एका कंपनीत आहे. रोजच्या प्रवासाने दमलेला असतो. त्याला दोष देत नाही. पण त्याचं ते 'सोड' मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, भाड्याची खोली शोधताना ऐकलं. प्रत्येक वेळी सोडलं. सोडलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे राहिली.

दिवाळीनंतर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. हॉलच्या स्वयंपाकघरात पार्टिशन घालून दुसरं बेसिन आणि वेगळा दरवाजा करण्यात येत आहे. हायजीनसाठी. खाली पन्नास अंगठे आणि हात जोडलेल्या खुणा.

मी तो संदेश एखाद्या गणितासारखा वाचला. काय दिलं आहे? काय काढायचं आहे? स्वच्छतेसाठी बेसिन समजू शकते. स्वच्छतेसाठी वेगळा दरवाजा कशाला?

आणि मला एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती. हॉल मंडळाच्या मालकीचा नाही. तो कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा आहे. मंडळाकडे तो नाममात्र भाड्याने आहे. भाडेकरूला भिंत घालायची असेल तर मालकाची लेखी परवानगी लागते. म्हणजे कुणीतरी कौन्सिलला पत्र लिहिलं असणार. म्हणजे कुणीतरी कारण लिहिलं असणार.

भारतात ज्याला आपण माहितीचा अधिकार म्हणतो, तसा कायदा या देशातही आहे. सार्वजनिक संस्थेकडे असलेले कागद कुणीही मागू शकतो. नागरिकत्व लागत नाही. वकील लागत नाही. एक ईमेल पुरतो. तरी मागण्याची पद्धत असते. मी ती चुकत चुकत शिकले, म्हणून इथे लिहून ठेवते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी जे उघड आहे ते वाचावं. कौन्सिलच्या संकेतस्थळावर समित्यांच्या बैठकांची इतिवृत्तं असतात. तिथेच मला कळलं की त्या हॉलचा भाडेपट्टा संपत आला आहे आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव वसंतात समितीपुढे येणार आहे. मग जे उघड नाही ते मागावं. मागताना कारण लिहू नये. कायदा कारण विचारत नाही, आणि न विचारलेलं कारण सांगणं ही आपल्या लोकांना लागलेली जुनी सवय आहे. 'हे असं का झालं' असंही विचारू नये. 'का' विचारलं की खुलासा येतो. कागद मागितला की कागद येतो.

माझी पहिली विनंती परत आली. मी हॉलसंबंधीचा सगळा पत्रव्यवहार मागितला होता. तो शोधायला फार वेळ लागेल, असं उत्तर आलं. बरोबर होतं त्यांचं. वर्गात एखाद्या मुलाने असा प्रश्न लिहिला असता तर मीही वही परत केली असती. दुसऱ्या वेळी दोनच गोष्टी मागितल्या: हॉलचा भाडेपट्टा, आणि गणेशोत्सवानंतर स्वयंपाकघरातील बदलाच्या परवानगीसाठी झालेला पत्रव्यवहार.

कायद्याने ठरलेल्या मुदतीच्या अगदी शेवटी दोन्ही आले. व्यक्तींची नावं काळ्या पट्ट्यांनी झाकलेली होती; सहीखालचा 'अध्यक्षा' हा हुद्दा तसाच होता. मजकूर झाकलेला नव्हता.

मंडळाचं पत्र इंग्रजीत होतं. सुंदर, निर्दोष इंग्रजी. मराठीत त्याचा अर्थ असा होतो: 'गणेशोत्सवाच्या वेळी स्वयंपाकघरात घडलेल्या एका घटनेनंतर, परंपरागत आचार पाळणाऱ्या कुटुंबांसाठी स्वतंत्र बेसिन व स्वतंत्र प्रवेश आवश्यक असल्याचे मंडळाच्या कार्यकारिणीचे मत झाले आहे. हा भाग इतर सभासदांच्या वापरासाठी खुला राहणार नाही.'

कौन्सिलच्या कर्मचाऱ्याला त्यातून काहीच बोध झाला नव्हता. त्याने किंवा तिने भाबडेपणाने उलट विचारलं होतं, 'हा विषय अन्नाच्या ॲलर्जीशी संबंधित आहे का?'

त्यावर मंडळाचं उत्तर: 'ॲलर्जीशी संबंध नाही. हा जन्माने ठरणाऱ्या पार्श्वभूमीचा प्रश्न आहे. बाहेरच्या व्यक्तीला तो समजावून सांगणे कठीण आहे, परंतु आमच्या सर्व सभासदांना तो समजतो व मान्य आहे.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. सर्व सभासदांना मान्य आहे. त्या सभासदांत मीही होते.

हे त्यांनी लिहिलं कसं, याचा मी पुष्कळ विचार केला. पुण्यात लिहिलं नसतं. तिथे असल्या गोष्टी तोंडी करतात, खुणेने करतात, परात ओढून करतात. तिथे त्यांना कायदा माहीत असतो. इथे त्यांना वाटलं की गोऱ्याला कळणार नाही आणि आमच्यातलं कुणी कौन्सिलच्या फायलीपर्यंत पोचणार नाही. म्हणून ते इतक्या निश्चिंतपणे खरं बोलले.

ईशाने माझ्या खांद्यावरून पत्र वाचलं.

"हा इन्सिडेंट म्हणजे तू?"

"हो."

"पण तू तर फक्त पाणी ठेवलीस."

"हो. तेवढंच."

त्या क्षणापर्यंत मी दुखावलेली होते. त्यानंतर नव्हते. दुःख खूप ठिकाणी पसरलेलं असतं. ते एका ठिकाणी गोळा झालं, घट्ट झालं आणि त्याला टोक आलं. मला माफी नको होती. मला त्यांचा भाडेपट्टा संपलेला हवा होता.

भाडेपट्ट्यात एक कलम आहे. इमारतीचा प्रत्येक भाग सर्व रहिवाशांना भेदभावाविना खुला ठेवावा लागेल. कलमाचा भंग झाल्यास कौन्सिल पट्टा संपवू शकते. मी नूतनीकरणाला लेखी हरकत घेतली. कलम जोडलं. पत्र जोडलं. नाव लपवण्याची मुभा होती. मी पूर्ण नाव लिहिलं.

हरकतीची प्रत मंडळाकडे गेली आणि पुढच्याच शनिवारी सुलभाताई माझ्या दारात उभ्या होत्या. हातात वड्यांचा डबा.

मी त्यांना बसवलं. पाणी आणून दिलं. मला वाटलं, त्या 'नको, आत्ताच घेऊन आले' म्हणतील. त्यांनी ग्लास उचलला आणि सगळं पाणी संपवलं, माझ्याकडे बघत, मला दिसेल असं. मला समाधान वाटलं नाही. मला भयंकर राग आला. म्हणजे विटाळही गरजेनुसार होता. गणेशोत्सवात माझं पाणी चालत नव्हतं आणि भाडेपट्टा धोक्यात आल्यावर चालत होतं.

"अगं, एवढं मनाला लावून घेतलंस?" त्या मला पहिल्यांदाच 'अगं' म्हणाल्या. "त्या दिवशी घाई होती. जुन्या बायका असतात, त्यांचं मन सांभाळावं लागतं."

"सगळ्यात जुन्या तर तुम्हीच होतात त्या स्वयंपाकघरात."

त्या किंचित हसल्या. "बरं, माझंच चुकलं. झालं? आता ते कागद मागे घे. आपल्यातलं आपल्यात मिटवू."

"पार्टिशन घालताना कुठे होतं आपल्यातलं?"

"असं बोलू नकोस गं. रविवारची मराठी शाळा त्याच हॉलमध्ये भरते. तुझी ईशासुद्धा तिथेच शिकली. बंद पडेल ती."

"पडू दे."

"आणि गोऱ्यांसमोर आपल्या समाजाची अब्रू काढायची?"

"अब्रू तुम्ही काढलीत, सुलभाताई. लेखी. चांगल्या इंग्रजीत."

त्यांचा चेहरा उतरला. खरं सांगते, तो उतरताना मी बघत राहिले. नजर वळवली नाही. चांगल्या माणसाने अशा वेळी नजर वळवावी असं शिकवतात. ज्यांच्या हातांखालची परात कधी ओढली गेली नाही, त्यांनी ते शिकवलेलं असतं.

दारात पोचल्यावर त्या म्हणाल्या, "फार उलट्या काळजाची निघालीस."

"काळजाचं नाही हो," मी म्हणाले, "तुमच्या सहीचं आहे."

डबा मी त्यांच्या हातात परत दिला.

परवा कौन्सिलमधून फोन आला. मंडळाने पार्टिशनचा अर्ज मागे घेतला आहे. दिलगिरीचं पत्र द्यायला ते तयार आहेत, स्वयंपाकघर सर्वांना खुलं असल्याची पाटी लावायलाही. तेवढ्यावर माझी हरकत मागे घेतली जाईल का, असं फोनवरच्या बाईने अतिशय सौजन्याने विचारलं.

मी तितक्याच सौजन्याने नाही म्हटलं.

नवरा म्हणतो, जिंकलीस की आता, अजून काय हवंय? त्याला मी शांतपणे सांगितलं. अर्ज मागे घेतला कारण तो माझ्या हाती लागला. लागला नसता तर आज तिथे भिंत असती. पकडला गेलेला माणूस पाटी लावतो. पाटीच्या आतला माणूस तोच असतो, आणि किल्ली त्याच्याच खिशात असते.

कौन्सिलच्या समितीच्या बैठकीत बोलणाऱ्यांमध्ये माझं नाव नोंदवलेलं आहे. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मी भाषण करणार नाही. रडणार नाही. वर्गात उतारा वाचते तसं ते पत्र वाचणार आहे, त्यांच्याच इंग्रजीत, माझा एकही शब्द न घालता. मग 'घटना' म्हणजे कोण ते सांगणार आहे. मग भाडेपट्टा संपवण्याची मागणी करणार आहे. सुलभाताई पहिल्या रांगेत असतील. त्यांनी असावं, अशी माझी इच्छा आहे.

समितीने पट्टा वाढवून दिला, तर त्या निर्णयामागचा प्रत्येक कागद मी दुसऱ्या दिवशी सकाळी मागेन. कागद द्यायला नकार दिला, तर फेरतपासणी मागेन. तीही नाकारली, तर माहिती आयुक्तांकडे जाईन. पार्टिशनचा अर्ज ज्या हातांनी लिहिला, त्या हातांतून ती इमारत जाईपर्यंत मी थांबणार नाही. मग तिथे काहीही होवो. वाचनालय होवो, गोदाम होवो, कुलूप लागो.