हाताला लागलेली गाठ

"कॅन्सर झालाय का? झाला असंल तर विम्याचं कार्ड चालतंय. नुसती तपासणी त्यात बसत न्हाय."

हॉस्पिटलच्या खिडकीतला माणूस मान वर न करता बोलला. मागं रांग. मी पदर सारखा केला, हळूच म्हणाले, "गाठ हाय."

"कुठं?"

आमच्यात बाई त्या जागेचं नाव तोंडानं घेत नाही. दुखलं तर 'अंगावर दुखतंय' एवढंच, तेही बाईजवळच. मी खांद्याकडं बोट दाखवलं.

"खांद्याला व्हय? मग हाडाच्या डॉक्टरकडं जावा की!"

रांगेतले दोघं हसले. माझं तोंड पेटलं. तशीच कबनूरला परत आले.

आमच्या यंत्रमागाच्या शेडातली आक्का अशीच परत आली होती. मग गाठ फुटली, आणि तिचं कार्ड चाललं. ऑपरेशन, खाट, औषधं, सगळं फुकट. आक्का गेली. घरचे अजून त्या कार्डाचे उपकार मानतात.

मला भीती वाटते. आंघोळीला बसले की हात आपोआप तिथं जातो. आहे. कालच्यापेक्षा मोठी वाटते. पोरीची वेणी घालताना पेड चुकतो, परत सोडते. तिला म्हणते, केस गुंतलेत.

मी मागावर काम करते. धागा तुटला की माग तिथल्या तिथं थांबवायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. कापडाचं ठाण पुरतं खराब होऊ दे, मग बघू, असं म्हणणारा मालक मी पाहिला नाही. परवा तुटका धागा जोडताना हे डोक्यात आलं आणि संताप संताप झाला. कापडाला एवढी किंमत, आणि मला?

काल परत गेले. तोच माणूस, तशीच रांग.

"कुठं हाय गाठ?"

"स्तनात. डाव्या."

कुणी हसलं नाही. त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

"ताई, हळू बोला."

"न्हाय बोलणार हळू. तपासा."

"नियम हाय. कॅन्सर निघाला की या."

"निघतोय का न्हाय, ते तपासल्याबिगर कळणार कसं?"

त्यानं खिडकी लावून घेतली.

तपासणी अजून झालेली नाही. भीती तशीच आहे. उद्या परत जाणार, शेडातल्या बायका घेऊन. खिडकी उघडेपर्यंत तिथून हलणार नाही. त्या जागेचं नाव आम्ही सगळ्याजणी मोठ्यानं घेणार.

आक्काचं चाललं तसं, गाठ फुटल्यावर, माझं कार्ड मी चालू देणार नाही.