रचना : पारंपरिक

मी चौथीपर्यंत शिकलेली. वाचता येतं म्हणूनच पनवेलच्या सीडीच्या दुकानात मला काम मिळालं. शेठ आमच्याकडच्या लग्नाच्या गाण्यांच्या सीडी काढायचे. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, तिथे रेकॉर्डिंग व्हायचं. मी पुढे बसून छापील कागदांना घडी घालायची आणि ते सीडीच्या डब्यांत सरकवायची. कोणाशी बोलावं लागत नसे, म्हणून ते काम मला मानवलं.

पण सीडी बनवणारा कारखाना परवानगीचे कागद बघितल्याशिवाय माल काढून देत नसे. गाणं कोणी रचलं, त्याची हरकत नाही ना, हे प्रत्येक गाण्यासाठी लिहून द्यावं लागे. गाणाऱ्या बायका गव्हाण, चिरनेरकडच्या. शेठना बघून त्या दाराआड जायच्या. म्हणून फॉर्म आणि शाईचं पॅड पिशवीत घालून शेठ मला पाठवू लागले. मी वाचून दाखवायची, अंगठा घ्यायची आणि खाली साक्षीदार म्हणून सही करायची.

माझी मावशी धवलारीण होती. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणाऱ्या बाईला आमच्यात धवलारीण म्हणतात. शेठनी तिला रेकॉर्डिंगला बोलावलं. माईकसमोर बसल्यावर तिने विचारलं, "नवरी कोन?"

"नवरी नाही मावशी. नुसतं गायचं," शेठ म्हणाले.

"नवरीबिगर धवला? शेठ, तुमी रिकामा पालना हलवतान काय?"

सगळे हसले. धवल्यात जागोजागी नवरीचं नाव घालावं लागतं, ते नसेल तर मावशीची जीभ वळत नव्हती. शेठ म्हणाले, "घाला हो कुठलंही नाव." मावशीने डोळे मिटले आणि एक नाव घेतलं. माझ्या हातातला कागद तसाच राहिला.

ते तिच्या मुलीचं नाव होतं. माझी मावसबहीण लग्नाला चार दिवस राहिले असताना काविळीने गेली. दारात मांडव उभा होता, हळद दळून ठेवलेली होती. तिला शेवटची आंघोळ घालताना आत मावशी आणि मी दोघीच होतो, पाणी मी ओतत होते. मावशी रडली नाही. तिने धवला म्हणायला सुरुवात केली. वऱ्हाड्यांनो थांबा, घाई करू नका, माझी नवरी अजून न्हाते, तिचे केस लांब आहेत, ते वाळू द्या. असा धवला मी त्याआधी कुठे ऐकला नव्हता. पुढे नवरीच्या न्हाणाच्या वेळी मावशी तो प्रत्येक लग्नात म्हणू लागली. समोरच्या नवरीचं नाव त्यात घालायची. बायकांना वाटे, उशीर करणाऱ्या नवरीची थट्टा चालली आहे. त्या हसायच्या. खरं काय ते मावशीला आणि मलाच ठाऊक.

आठ गाण्यांचे आठ फॉर्म होते. देताना शेठनी बजावलं, "ताई, पारंपरिकवरच खूण कर. स्वतःची रचना लिहिलंस तर कारखाना दहा प्रश्न काढेल आणि आपला सीझन जाईल. आणि जुनंच असतं गं ते सगळं."

मावशीच्या पडवीत बसून मी सात फॉर्म भरले. ते धवले खरोखर जुने होते. आठव्यावर, त्या न्हाणाच्या धवल्यावर, मी थांबले. "मावशी, हा कोणी रचला लिहू?"

"कोनी म्हंजे? धवला कोनाचा असतो काय गो? मी बोलनारी."

कुठलीही धवलारीण हेच म्हणते. तो तुझाच आहे, मी तिथे होते, एवढं मला म्हणता आलं असतं. पण मग त्या आंघोळीचं बोलावं लागलं असतं, आणि दुकानात जाऊन शेठनाही सांगावं लागलं असतं. मी पारंपरिकवर खूण केली. तिचा अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर. खाली माझी सही.

सीडी आली. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणीतरी तोच धवला डीजेवर घेतला. आवाज तरुण मुलीचा, खाली धडाधड ठोका. नाव मात्र तेच, दर ओळीनंतर तीनदा. नवरी न्हाते, नवरी न्हाते.

मावशीने तो पहिल्यांदा ऐकला एका वरातीत, भर दुपारी. मी तिच्याबरोबर होते. पोरं शर्ट काढून नाचत होती आणि त्या नावाने ओरडत होती, "किती न्हाशील गो? ये ना भायेर!" मावशी रस्त्याच्या कडेला खाली बसली. माझा हात धरून म्हणाली, "तू त्या दुकानात हायेस ना. बंद कर ना ता."

दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर उभी राहिले. मावशीच्या मुलीचं सगळं सांगितलं. एवढं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. मग फाइल काढून तो फॉर्म माझ्यासमोर ठेवला.

"डीजेवाल्यांनी माझी परवानगी मागितली नाही, ताई, कारण मागायची गरजच नाही. पारंपरिक गाणं कोणीही घेतं. आता फिरवायचं तर हा कागद खोटा होता, असं लिहून द्यावं लागेल. साक्षीदार तू आहेस. देतेस लिहून?"

मी फॉर्मकडे बघत राहिले. खूण माझ्याच हातची, अंगठ्याच्या ठशापासून बोटभर अंतरावर. पोलीस येतील, मावशीलाही ओढतील, असं काय काय मनात आलं. शेठनी फाइल मिटली.

संध्याकाळी मावशी पडवीत माझी वाट बघत होती. मी म्हटलं, "नाही होत गं काही."

"का नाय होत?"

"कागद झालाय ना त्याचा."

तिने आपला अंगठा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "मीच दिला आंगठा. माजाच चुकला."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी चहा ठेवायला आत गेले.

त्यानंतर ती कुणाच्या मांडवात गेली नाही. बोलवायला आलेल्यांना घसा बसलाय म्हणायची. मी दुकान सोडलं, पण का सोडलं हेसुद्धा तिला सांगितलं नाही. चूक आपलीच, असं समजूनच ती गेली. तिला शेवटची आंघोळ घालताना मीच पाणी ओतलं. धवला म्हणणारं कोणी नव्हतं.