पाणी काय करतंय?

आमच्या पिनफ्लीट गावात कुणी कुणाला ‘कसा आहेस’ म्हणून विचारत नाही. विचारलं तर समोरचा खरंच सांगत बसेल, ही भीती. त्यापेक्षा विचारतात, ‘पाणी काय करतंय?’ समोरचा म्हणतो, ‘चढतंय, दीड तास आहे अजून.’ किंवा, ‘उतरतंय. आता काय, गेलंच.’ एवढ्यावर दोघांचं भागतं. खाडीच तशी आहे. सहा तास पाणी आणि सहा तास नुसता गाळ, आणि त्या गाळात आमच्या बोटी अंडी उबवणाऱ्या कोंबड्यांसारख्या बसलेल्या.

मी ग्वेन. इथल्या शिडाच्या बोटीवाल्यांच्या क्लबचं स्वयंपाकघर बावीस वर्षं माझ्या हातात आहे. क्लब म्हणजे डांबर फासलेली एक लाकडी शेड, पण तिच्या खिडकीतून धक्का दिसतो आणि धक्क्यावरून सगळ्यांची लफडी दिसतात. त्यामुळे विल्फ गॅरडबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

विल्फ पोस्टमन होता. खाडीपलीकडच्या बेटावर एकच शेत आहे, आणि तिकडे जाणारा रस्ता ओहोटीतच उघडा पडतो. अडतीस वर्षं विल्फने त्या रस्त्यावरून टपाल नेलं, एकदाही पाण्यात अडकला नाही. त्याच्या आधीचा पोस्टमन दोनदा गाडीच्या टपावर बसून राहिला होता. विल्फच्या खिशात भरती-ओहोटीच्या वेळांचं छोटं पुस्तक असायचं, पण ते उघडताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

त्याची बोट टील. तेवीस फुटांची, खाली दोन पाय असल्यासारखी, म्हणजे पाणी गेलं की गाळात सरळ उभी राहणारी. दर शनिवारी तो आणि त्याची बायको हेझल टील घेऊन निघायचे, शेजारच्या नदीत नांगर टाकायचे आणि रविवारी परत. त्यापलीकडे कधी गेले नाहीत. क्लबात रेज म्हणून एक आहे, जन्मजात टोमणेमार. तो म्हणायचा, “विल्फ, अरे पंधरा मैलांत तुझा जन्म जाणार.”

“पंधरा मैल अजून नीट बघून झाले नाहीत,” विल्फ म्हणायचा.

हेझल फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. फटकळ बाई, पण टीलमधली एक गोष्ट तिला मनापासून आवडायची. पाणी उतरलं की बोट हळूच गाळावर टेकते, सगळं हलणं थांबतं, आणि मग चहा. “जगात एवढी शांत जागा दुसरी नाही,” असं ती म्हणायची, “आणि कुणी भेटायला येऊ शकत नाही, हे त्याहून बरं.”

मग तिची छाती बिघडली. आमच्याकडचे हिवाळे म्हणजे ओल्या गोधडीत झोपल्यासारखे. तीन हिवाळे ती खोकत राहिली, आणि चौथ्याच्या आधी डॉक्टरने सांगितलं की हिला कोरड्या, उबदार हवेत न्या, नाहीतर पुढचा वसंत ती बघेल असं मी लिहून देत नाही. क्लबातल्या एकाची जुनी बोट ग्रीसमध्ये पडून होती. तो म्हणाला, घेऊन वापरा. सप्टेंबरमध्ये दोघं गेले. जाताना विल्फने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

“ग्वेनी, तिकडे भरती-ओहोटी नसते म्हणे.”

“वीतभर असते म्हणतात.”

“वीतभर,” तो म्हणाला, आणि टीलकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या हातात सॉसेज-रोलची पिशवी दिली. दुसरं काय देणार होते?

ऑक्टोबरात मी आठवडाभर त्यांच्याकडे गेले. अ‍ॅस्प्रोनेरी नावाचं छोटं बंदर. हेझलला बघून मला रडूच आलं, इतकी ती बरी दिसत होती. जिना चढून आली तरी धाप न लागता बोलत होती. सकाळी स्वतः बाजारात जाऊन टोमॅटो आणायची, आणि ते टोमॅटो टोमॅटोसारखे लागायचे. आणि विल्फ? विल्फ म्हणजे सुट्टीच्या दिवशी शाळेत येऊन बसलेला मुलगा. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो विचारायचा, “पाणी काय करतंय?” आणि पलीकडून हेझल सांगायची, “काही नाही, विल्फ. झोप.”

तिथे बोटी धक्क्याला समांतर लावत नाहीत. पुढे नांगर टाकतात, मागची बाजू धक्क्याकडे करून दोन दोर बांधतात, आणि मधून चालायला फळी टाकतात. दोर ताठ लागतात, अगदी तंबोऱ्याच्या तारेसारखे, म्हणजे बोट जागची हलत नाही. आता आमच्या खाडीत पोराला चालायला शिकवण्याआधी एक गोष्ट शिकवतात: दोर ढिला सोड. पाणी दोन पुरुष खाली जातं. दोर ताठ बांधलास तर बोट त्याला लटकेल. विल्फच्या हातांनी पन्नास वर्षं दोर ढिले सोडले होते, आणि हातांना कोण सांगणार की बाबांनो, आपण ग्रीसमध्ये आलो आहोत?

धक्क्यावर स्टामातिस नावाचा माणूस होता, बोटींना पाणी नि डिझेल पुरवणारा. तो रोज येऊन विल्फचे दोर ओढून बांधायचा.

“कॅप्टन, इथला समुद्र कुठं जात नाही,” तो म्हणायचा. “म्हातारा झालाय तो. बसून असतो.”

“माहीत आहे रे,” विल्फ म्हणायचा. खरंच माहीत होतं त्याला. आणि अर्ध्या तासाने मी बघावं, तर हा बोलता बोलता दोर सोडून हातभर ढिला करतो आहे, स्वतःच्या नकळत. मी हसून हेझलला म्हटलं, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.” तीही हसली. ते हसणं आता आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला, मी समोरच्या कॅफेत बसले होते. हेझल पाव आणि टोमॅटो घेऊन येत होती. बाहेरून मोठी फेरी गेली, तिची लाट बंदरात आली. सगळ्या बोटी जागच्या जागी डुलल्या. विल्फची तेवढी पुढे सरकली, दोर ढिला होता तेवढी, आणि फळीचं टोक धक्क्यावरून सुटलं. हेझल फळीवर होती.

ती बोट आणि धक्का यांच्या मधे पडली. स्टामातिस कपड्यांसकट उडी मारून खाली गेला आणि पाठीने बोट रेटून धरली, नाहीतर ती चिरडलीच असती. विल्फ वर उभा होता. त्याच्या हातात दोराचं टोक होतं आणि तो ते बघत होता.

ती वाचली. पण जे पाणी छातीत गेलं त्याने छातीचं उरलंसुरलं नेलं. तीन आठवडे दवाखान्यात, आणि नंतर स्टामातिसच्या आईच्या दुकानावरच्या खोलीत, कारण बोटीवर चढणं आता तिला जमण्यासारखं नव्हतं. झाल्या प्रकाराबद्दल विल्फला ती एक शब्द बोलली नाही. रागाचा नव्हे, कसलाच. तिच्या जागी मी असते तर भांडी फेकली असती, आणि त्या माणसाला ते जास्त बरं वाटलं असतं.

त्या हिवाळ्यात त्याने एकच काम केलं. रोज सकाळी धक्क्यावर जायचं आणि दोर ताठ बांधायचा सराव करायचा. हेझलने मला पत्रात लिहिलं: ‘दिवसातून वीसदा सोडतो आणि वीसदा बांधतो. आता इतका ताठ बांधतो की स्टामातिस म्हणतो, कॅप्टन, बोटीला श्वास तरी घेऊ दे. मी खिडकीतून बघते. थांब म्हणावं असं वाटतं, पण मग तो काय करेल?’

एप्रिलमध्ये विल्फ एकटा पुढे परत आला, टील तयार ठेवायला. इथली जून-जुलैची हवा तिला सोसेल, दोन महिने जा, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं, आणि हेझलने मागितलं होतं एकच. टीलमध्ये बसायचं. शीड नको, नदी नको. पाणी उतरेल, बोट गाळावर टेकेल, आणि चहा. पुढच्या वर्षी विचारलं तर येईन की नाही सांगता येत नाही, असं ती म्हणाली होती, आणि हेझल उगीच काही म्हणणाऱ्यातली नव्हती.

घरचा फोन बंद केलेला, म्हणून ती दर रविवारी अकराला क्लबात फोन करायची. फोन बारच्या भिंतीवर आहे. विल्फला कमी ऐकू येतं म्हणून आम्ही त्याचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता, त्यामुळे तिचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. बोलणं कसलं, चार शब्द आणि श्वास, चार शब्द आणि श्वास. विल्फ मधे बोलायचा नाही, घाई करायचा नाही, स्वतःहून फोन ठेवायचा नाही. तिचा फोन संपेपर्यंत माझा चहा निवायचा.

मे महिन्यातल्या एका रविवारी उधाणाची भरती होती, दहाला पूर्ण. विल्फने टील धक्क्याला आणली, तिचा तळ घासायला. पाणी उतरलं की ती तिथे उभी राहील आणि हा खाली उतरून शेवाळ काढेल, असा बेत. मी खिडकीत बटाटे सोलत होते. त्याला दोर बांधताना मी पाहिलं. पुढचा बांधला, मागचा बांधला, आणि दोन्ही ओढून ओढून पाहिले. मी पाहिलं, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. विल्फ गॅरडच्या गाठी कुणी तपासतं का? त्याने तर निम्म्या गावाला शिकवल्या होत्या.

आत येऊन तो हात चोळत म्हणाला, “रंग एकच थर लागेल. तिच्या उशीला नवं कापड शिवशील का, ग्वेनी? निळं.”

“शिवीन की.”

“आणि पायरी करायला हवी. ती पाय फार उचलू शकत नाही.”

अकराला फोन वाजला. हेझलचा आवाज आला. “तिकीट… काढलं. तीन जून.” विल्फने डोळे मिटले. इतका सुखी चेहरा त्याचा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. मी खिडकीकडे वळले, आणि टीलची डोलकाठी वाकडी होती.

मी बाहेर पळाले. पाणी हातभर उतरलं होतं आणि बोट उतरली नव्हती. धक्क्याला लटकली होती, एका कुशीवर, आणि दोर असे ताणलेले की हाताला लोखंड लागावं. रेज गाठीशी झटत होता, नखं फुटली होती त्याची. “सुटत नाही गं! कुठल्या गाढवानं बांधलंय हे?” तो ओरडला, आणि मग माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. त्याने खिशातून चाकू काढला. तेवढ्यात मागच्या दोराची खुंटी मुळासकट डेकमधून उपटली गेली. मागची बाजू खाली आदळली. धक्क्याच्या पायाशी, पाण्याखाली, जुन्या ओकचे बुंधे उभे आहेत, त्यातल्या एकावर ती बसली. फार मोठा आवाज झाला नाही. फळकूट मोडल्यासारखा झाला, आणि पाणी आत जायला लागलं.

रेजने चाकू मिटला. कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. विल्फची जिवंतपणी गेली. रोज वीसदा बांधून त्याने ती घालवली होती, एका बाईच्या पायाखालची फळी पुन्हा हलू नये म्हणून. आणि ती गेली नसती तर आज टील गाळावर सरळ उभी असती. याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. देवावर मी रागावले, पण तो आमच्या क्लबचा सभासद नाही.

मी आत आले. विल्फ रिसीव्हर कानाला लावून उभा होता, तोंड खिडकीकडे. किती वेळ बघत होता कोण जाणे. पलीकडे हेझल बोलत होती, आणि ती बोलत असताना फोन ठेवणं त्याला येत नव्हतं.

“…मला काही… खायला नको. फक्त चहा. बिस्किटं… ती आल्याची.” मग श्वास. “टील… झाली का तयार?”

विल्फने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“विल्फ? पाणी… काय करतंय?”

आमच्या गावात या प्रश्नाचं उत्तर शेंबडं पोरही देतं. विल्फ खिडकीतून बघत राहिला.

“काही नाही,” तो म्हणाला. “पाणी काही करत नाहीये, हेझल.”

पलीकडे ती हसली. “अरे… तू अजून… इथंच आहेस की काय?”

“हो,” विल्फ म्हणाला. “तसंच दिसतंय.”

हसण्याने तिला खोकला आला. तो लवकर थांबेना. विल्फ रिसीव्हर कानाशी धरून, नेहमीसारखा, तो थांबायची वाट बघत उभा राहिला.