अध्यक्षबाईंची सून

आमच्या गावात आया आणि लहान मुलांच्या पोषणाचा प्रकल्प आला, तेव्हा महिला समितीचं अध्यक्षपद माझ्या सासूबाईंना मिळालं. कारण एकच, आवाज. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत त्या शेतातल्या बांधीतून हाक मारत, ती पार शेजारच्या आसगावच्या रस्त्यावर ऐकू जाई. मी तेव्हा गरोदर होते आणि माझं रक्त कमी निघालं होतं. असंच राहिलं तर बाळ अशक्त होईल आणि बाळंतपण माझ्याही जिवावर बेतेल, असं अंगणवाडीच्या ताईंनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे प्रकल्पाला हवी तशी बाई अध्यक्षांच्या घरातच तयार होती.

सभेत सासूबाई माइक धरून सांगत, "आधी पोटोबा, मंग विठोबा! गरवार बाईनं पोटभर जेवलं तरच लेकराले दूध भेटते!" टाळ्या पडत. मीही वाजवी. घरी मात्र आधी सासरे, मग नवरा आणि दीर, मग सासूबाई, आणि भाताच्या गंजाच्या तळाशी उरेल ते माझं. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. त्या स्वतः वर्षानुवर्षं शेवटी जेवल्या होत्या. माझ्या लग्नाने त्यांना एका जागेची बढती मिळाली होती, ती कोण सोडणार?

प्रकल्पवाल्यांना घरोघरची ही रीत ठाऊक असावी. त्यांनी नियम काढला की गरोदर बायांनी दुपारी अंगणवाडीतच बसून जेवायचं. वरण, भात, भाजी, वर उकडलेलं अंडं. मला स्वर्ग दोन बोटं उरला. पण सासूबाईंचा हिशेब पक्का होता. संध्याकाळी मी भाताकडे वळले की त्या म्हणत, "तू तं जेवून आली नं? आता आणखी कायले? पोट्टं पोटात मोठं झालं तं बाळंतपणात अडन." अंगणवाडीने जेवढं वाढलं, तेवढं घराने वजा केलं. प्रकल्प खूश, घर खूश, मी उपाशी.

मग एक दिवस सगळ्यांसमोर वजनं झाली. शेजारच्या सुनेचं वजन छान वाढलेलं. माझा काटा मागच्या महिन्याच्या जागेवरून हलायला तयार नव्हता. तिच्या सासूचं आणि आमच्या सासूबाईंचं जुनं वाकडं. ती मोठ्याने म्हणाली, "काहो अध्यक्षबाई, सुनेले नुसती भाषणंच चारून राहिल्या का?"

हसण्याने अंगणवाडी दणाणली. सासूबाई पदर खोचून तडक घराकडे निघाल्या.

त्या संध्याकाळी पहिलं ताट माझ्यासमोर आलं. "खा," एवढंच. दुसऱ्या दिवसापासून घरच्या कोंबडीचं अंडं माझं, लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण माझं, तळ्यातले झिंगे आधी मला. सासरे भुकेल्या तोंडाने बघत बसत, पण विचारायची कोणाची टाप नव्हती. ताईंनी समजावून झालं, डॉक्टरांनी भीती घालून झाली. काम केलं एका टोमण्याने. त्या शेजारणीचे उपकार मी कधी विसरणार नाही.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. सासूबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि घरी परतताना त्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन रस्त्यातच खाली बसल्या.

मग मी लक्ष ठेवायला लागले. माझं आधी होई, मग पुरुषांचं, आणि त्या चुलीमागे बसून भाताची खरवड आणि मीठ खात. किती दिवसांपासून, देव जाणे. अंगणवाडीत रक्ततपासणीचं शिबिर लागलं तेव्हा मी ताईंना म्हटलं, सासूबाईंचंही रक्त तपासा. ताई अवघडल्या. "शिबिर मातांसाठी हाये."

"ह्या माताच तं हायेत."

"हो, पण लेकरू सहा वर्षांच्या आतलं पाह्यजे नं."

लेकरू म्हणजे माझा मिशीवाला नवरा. सगळ्यात जास्त हसल्या त्या सासूबाईच. मला मात्र भयंकर राग आला.

त्या संध्याकाळी मी माझं उकडलेलं अंडं त्यांच्या भातात घातलं. त्यांनी उचलून परत माझ्या ताटात टाकलं. "दूध तुले पाजायचं हाये, मले नाही."

"तुम्ही खाल्ल्याबिगर मी जेवत नाही, आई."

"नको जेवू मंग."

दोघीही ताटांपुढे हट्टाने बसून राहिलो. भात गार झाला. आत पाळण्यात पोरगी भुकेने रडायला लागली. सासूबाईंनी एकदा पाळण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घाईघाईने माझ्या ताटातलं अंडं उचलून फोडलं, पहिला घास तोंडात घातला.