बारवेच्या पायऱ्या आणि माझी उमेदवारी

आमचं घर कासाराचं. कदीम जालन्यातल्या एका बोळात आजोबांपासूनचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पुढं एक लाकडी फळी, आत भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांवर सुतळीत ओवून टांगलेल्या काचेच्या बांगड्या. बायांनी फळीवर बसायचं, हात ढिला सोडायचा, आणि मी बोटांची हाडं हळूच दाबत बांगडी मनगटावर चढवायची. तिशी ओलांडेपर्यंत मोहल्ल्यातल्या बहुतेक बाया मला चेहऱ्यावरून कमी आणि हातांवरून जास्त ओळखू येत. कारण चेहरे पदराखाली असायचे.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. बांगडी वाढली म्हणायचं. आणि आमच्या मोहल्ल्यात बांगड्या फार वाढायच्या. त्याचं कारण होतं बोळाच्या टोकाची बारव. सगळा मोहल्ला त्या पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिई. वरच्या दहा-बारा पायऱ्या धड होत्या. त्याखाली कुठं दगड निखळलेला, कुठं तिरपा झालेला, आणि पावसाळ्यानंतर सगळीकडं शेवाळ. डोक्यावर घागर, काखेत कळशी, आणि पाय घसरला की आधाराला हात भिंतीवर आपटायचा. तिथून बाई सरळ माझ्या फळीवर यायची.

त्या साली दसऱ्याच्या आधी दवंडी पिटली, की बलदियात, म्हणजे आताच्या नगरपालिकेत, आमच्या मोहल्ल्याचा एक रुक्न यंदा लोकांनी निवडून द्यायचा. तोवर हा सभासद सरकारच नेमायचं आणि आमच्याकडून वर्षानुवर्षं मोंढ्यातले एक अडतवाले शेठजी नेमले जात. माणूस वाईट नव्हता. फक्त बलदियात जाऊन सही करून यायची, एवढंच काम आहे असं त्यांना वाटे.

दवंडी झाली त्या दुपारी तेलीणकाकू दुकानात आल्या. घाण्यावरच्या, पन्नाशीच्या, आवाज असा की बोळाच्या दोन्ही टोकांना ऐकू जावा. उजव्या हातातल्या तीन बांगड्या वाढल्या होत्या आणि कोपर सोललं होतं.

"तुझं बरं हाये," त्या म्हणाल्या. "आमी पडतो अन् तू भरतो."

मला लाज वाटली. मी हसण्यावारी नेत म्हणालो, "मंग मीच उभा राहतो काकू. पायऱ्या बांधून देतो."

मी चेष्टेत बोललो होतो. काकूंनी हात मागं घेतला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बराबर बोलला. शब्द देऊन राह्यला ना?" मी काही बोलायच्या आत त्या उठून गेल्या. संध्याकाळी पीठ मागायला गेलेली माझी बायको घरी येऊन विचारते, "अहो, तुम्ही बलदियात उभे राहून राह्यले म्हणं? मला तर कुणी सांगितलं न्हाई."

आता मागं फिरणं अवघड होतं. आणि खरं सांगायचं तर मनातून मला गुदगुल्याही होत होत्या. अर्जावर दोघांच्या सह्या लागत. पहिली सही मी समोरच्या मणियारचाचांकडून घेतली. ते लाखेच्या बांगड्या करायचे, मी काचेच्या विकायचो. गिऱ्हाईक एकच, त्यामुळं आमची रोज तोंडातोंडी व्हायची आणि रोज चहा एकत्र व्हायचा. चाचांनी चष्मा लावून उर्दूत सही केली आणि म्हणाले, "तू गया तो तेरी दुकान दोपहर कू बंद रहेगी. मेरा तो फायदाच है." दुसरी सही तेलीणकाकूंच्या नवऱ्याची. त्यांना घरून हुकूमच होता.

तहसील कचेरीत कारकुनानं उर्दूत अर्ज भरायला घेतला. "पेशा?"

"चूड़ीफरोश," मी म्हणालो.

त्यानं लेखणी खाली ठेवली. "बलदिया की रुक्नियत के वास्ते?"

"जी."

शेजारच्या दोन टेबलांवरचेही कारकून वळून बघायला लागले. पण अर्ज मंजूर झाला. समोर शेठजींचाही अर्ज होताच.

राय, म्हणजे मत द्यायचा हक्क घरपट्टी भरणाऱ्या पुरुषांनाच होता. मोहल्ल्यात असे शंभराच्या आतबाहेर असतील. मी आणि चाचा रोज संध्याकाळी ओट्याओट्यांवर फिरायचो. पुरुष सुपारी पुढं करायचे, बसा म्हणायचे, आणि पायऱ्यांचा विषय काढला की जांभई द्यायचे. पाणी त्यांना घरातल्या रांजणात मिळत होतं. ते रांजणात कुठून येतं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता.

एके दिवशी शेठजींच्या ओट्यावर दहा-पंधरा जण बसले होते. मी समोरून चाललो, तसं शेठजींनी हाक मारली, "काय हो कासार, बलदियात काय बांगड्या भरायला जाता?" ओटा खो-खो हसला. मला उत्तर सुचलं नाही. मान खाली घालून घरी आलो आणि जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणं शेठजींच्याच घरून बोलावणं आलं, सुनांना बांगड्या भरायच्या होत्या. जावं की न जावं? शेवटी टोपली घेऊन गेलो. ओसरीवर बसून धाकट्या सुनेच्या हातात हिरवी काच चढवत होतो, तेवढ्यात शेठजी बाहेरून आले. मला बघून थबकले. आदल्या दिवशी न सुचलेलं उत्तर आता आपसूक तोंडात आलं.

"शेठजी, तुम्ही म्हणले ते खरंच हाये. मी बांगड्याच भरतो. तुमच्या घरात पाच जणींना मीच भरल्यात."

आतून, दाराआडून, मोठ्यानं हसू फुटलं. ते शेठाणीबाईंचं होतं. शेठजी चपला काढून आत गेले.

दसरा झाला. इंतखाबाला, म्हणजे निवडणुकीला, चार दिवस उरले असताना पहाटे बायको भाकरीचं गाठोडं बांधताना दिसली.

"कुठं चालली?"

"पिंपळगावला. रेणुकाईला."

"एकटी?"

"सगळ्या चाललो." ती गाठ आवळत म्हणाली, "काकूंनी नवस बोलल्ता. सगळ्या बायांनी मिळून फेडायचा हाये म्हणं."

बाहेर येऊन बघतो तर बोळात सहा बैलगाड्या जुंपलेल्या. म्हाताऱ्या, सुना, लेकी, कडेवरची पोरं, सगळं लटांबर गाड्यांत. जायला दोन दिवस, तिथं दोन, यायला दोन. देवीचं काम, कुणाला नको म्हणता येईना. सगळ्यात पुढची गाडी हाकत होता शेठजींचा पाणक्या. त्याला शेठाणीबाईंनीच सोबत घेतला होता. चाचांकडं पाहिलं तर ते दारात उभे. त्यांच्या घरच्या बायाही त्याच सकाळी बदनापूरला चाचांच्या बहिणीकडं निघाल्या होत्या. चाचा म्हणाले, "मेरे कू तो कल रात बताया, बस."

ही युक्ती आहे हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं, देवाशपथ. उन्हं वर आली, रांजण तळाला गेला, घागर घेऊन मी बारवेवर गेलो, आणि तिथं जे पाहिलं त्यानं सगळा उलगडा झाला.

अख्ख्या मोहल्ल्याचे पुरुष बारवेवर जमले होते. कुणी धोतराचा काचा मारलेला, कुणी पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. घागर डोक्यावर ठेवावी की खांद्यावर, यावर दोन गट पडलेले. शाळेचे मास्तर कळशी पोटाशी धरून बसत बसत खाली उतरत होते. सोनाराची घागर हातातून सुटली आणि टणटण वाजत थेट पाण्यात गेली, तिच्यामागं सोनार "धरा, धरा" करत. कुणी कुणाला धरायचं?

तेवढ्यात शेठजी आले. हातात तांब्याची लखलखीत घागर. ते दिमाखात दहा पायऱ्या उतरले, अकरावीला पाय सरकला आणि ते तीन पायऱ्या बसूनच खाली आले. घागर मांडीवर तशीच. मी धावत गेलो. धावत म्हणजे मीही घसरलो आणि त्यांच्या शेजारीच जाऊन बसलो.

मग शेठजींनीच हसायला सुरुवात केली. पोट हलवत, डोळ्यांत पाणी येईतो हसले, आणि मग सगळेच हसले. बारवेत आवाज घुमतो, त्यामुळं हसणं दुप्पट झालं.

"कासार," शेठजी दम लागून म्हणाले, "ह्या इतक्या खराब हाएत? मी जन्मात कधी उतरलो न्हाई इथं."

"घरात विचारायचं होतं शेठजी."

ते उठले, ओलं धोतर पिळलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "मी निवडून आलो तर पहिलं काम ह्या पायऱ्या!"

लोकांनी वाहवा केली. माझं तोंड मात्र उतरलं. पाण्याची घागर कशीबशी घरी टाकून चाचांकडं गेलो. म्हणालो, "चाचा, आता मी कशाला उभा राहू? पायऱ्या तर तेही बांधून देणार."

चाचा लाख तापवत होते. वर न बघता म्हणाले, "इत्ते बरस रुक्न थे, कभी बोले? नहीं. आज गिरे तो आज बोले. तू बिना गिरे बोला था. बैठ, चाय पी."

पुढचे तीन दिवस मोहल्ल्यात दुसरा विषयच नव्हता. ओट्यांवर आता सुपारीबरोबर ठेच लागलेले अंगठे दाखवले जात. कुणाचं कंबरडं, कुणाचं कोपर. मी गेलो की लोक स्वतःच सरकून जागा करायचे आणि कितवी पायरी वाईट, हे मलाच समजावून सांगायचे.

इंतखाबाच्या दिवशी शाळेत टेबल मांडलं होतं. एकेकानं जाऊन तहसीलदारांसमोर उमेदवाराचं नाव सांगायचं, त्यांच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, कागदावर रेघ ओढायची. दुपारी मोजणी झाली. मी सात रायांनी निवडून आलो. सात! चाचांनी मला मिठी मारली तेव्हा त्यांच्या दाढीला लाखेचा वास येत होता. शेठजी पुढं आले. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलणार. ते म्हणाले, "घरी पाणक्या ठेवून जन्मात पायऱ्या न उतरलेल्या माणसाला राय कोण देतो? चला, पेढे माझ्याकडून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाड्या परतल्या. बाया उन्हानं रापलेल्या, आवाज बसलेले, कपाळं कुंकवानं भरलेली. मी वेशीजवळ उभा. बायको उतरली आणि रेणुकाईच्या देवळातली गर्दी, भोकरदनला निखळलेलं चाक, वाटेत कुणीतरी प्यायला दिलेलं ताक, हे सगळं एका दमात सांगायला लागली. निकाल सांगायला मला फटच मिळेना. शेवटी तेलीणकाकूच म्हणाल्या, "अगं, त्याला बोलू दे. त्याच्या तोंडावरच लिहिलंय तरी."

बलदियाच्या पहिल्या बैठकीत मी अर्धं उर्दू, अर्धं आपलं बोललो. कुणी हसलं नाही. मंजुरी मिळायला हिवाळा गेला, पण मिळाली.

वैशाखात पाणी खाली गेलं तेव्हा पाथरवट आले. दगड बसवण्याआधी तळाचा गाळ उपसायचा होता. गाळ वर यायला लागला तसा त्यातून भांड्यांचा ढीग निघाला. चेपलेल्या कळश्या, लोटे, पेले, एक पूजेची पळी. मोहल्ल्यातल्या बाया काठावर जमल्या. चिंचेनं एकेक भांडं घासायचं, कोरलेलं नाव मास्तरांनी वाचायचं, आणि ज्याच्या घरचं असेल त्या घरात एकच ओरडा. माहेरी आलेल्या एका लेकीला तिची लहानपणची भातुकलीतली कळशी सापडली.

तेलीणकाकूंच्या हातात एक काळा पडलेला तांब्या आला. त्यांनी तो घासला, नाव वाचून घेतलं आणि एकदम खालीच बसल्या. तो त्यांच्या सासूबाईंचा होता. काकू नवी नवरी असताना हरवला होता, आणि तो सुनेनं गुपचूप माहेरी दिला असं सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या होत्या. काकूंनी तांब्या पाण्यानं भरला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि तशाच बोळातून घरोघर दाखवत फिरल्या, "बघा, बघा गं! इथंच व्हता!" त्यांच्यामागं सगळ्या बाया, आणि बायांमागं आम्ही दोन-चार पुरुषही, काही कारण नसताना.