मोहनरावांचं पाकीट

जगदेवीला लग्न होऊन उमापुरात आल्याला बावीस वर्षं झाली, पण थोरल्या दिराशी ती एक शब्दही थेट बोलली नव्हती. घरची रीतच तशी होती. डोक्यावर पदर घ्यायचा, तोंड चुलीकडे ठेवायचं आणि दिराला काही सांगायचं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. आधी ती नवऱ्याला, योगीराजला सांगे. मुलगी बोलायला लागल्यावर रुद्राणीला. थोरले दीर सिद्धेश्वरअण्णा समोर बसून सगळं ऐकत आणि उत्तरही तिसऱ्यालाच देत. भांडणं काही त्यामुळे कमी झाली नाहीत. उलट मध्ये माणूस असल्यामुळे दोघांनाही जोर चढे.

शहाण्णव साली रुद्राणी बारावी झाली. सरकारी मेडिकलची जागा थोडक्या मार्कांनी हुकली. मग एका संस्थेच्या कॉलेजचा फॉर्म आणला. फॉर्मवर लिहिलं होतं, अर्जदाराला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची पत्रं जोडावीत, दोनच. एक तिच्या बीडच्या कॉलेजच्या प्राचार्यांचं मिळालं. दुसरं कुणाचं, यावरून घर पेटलं.

जगदेवीच्या मनात उपकेंद्रातल्या नर्स सुंदरबाई होत्या. दोन वर्षं सुट्टीत रुद्राणी त्यांच्यासोबत पोलिओच्या डोसाची पेटी घेऊन वस्त्यांवर फिरली होती. वस्तीवरच्या केसरबाईची सून बाळंतपणात अडली तेव्हा दुपारभर तिचा हात धरून बसली होती. सुंदरबाईंनी हे सगळं दोन पानं भरून लिहून दिलं होतं, खाली शिक्का मारून.

"नर्सबाईची चिठ्ठी?" अण्णा योगीराजकडे बघून म्हणाले. "मेडिकलला? आरं, शिपाई सुद्धा वाचणार न्हाई. मी मोहनरावांच्या शिफारशीचं पाकीट आणतो. सगळा तालुका त्यांच्या मुठीत हाय. त्या संस्थेचा चेअरमन त्यांच्या शब्दाभाईर न्हाई."

"रुद्राणी, इचार," जगदेवी भाकरी थापत म्हणाली, "मोहनरावांनी तुला कधी बघितलंय का?"

"तिला सांग योगीराज, मोहनरावांनी मला बघितलंय. तेवढं बास."

गुरुवारी अण्णा खळीनं चिकटवलेलं पाकीट घेऊन आले. देवळीत लिंगाशेजारी ठेवून त्याला विभूती लावली. "फॉर्मसोबत असंच जाऊ द्या. उघडायचं न्हाई," त्यांनी बजावलं आणि घराघरातून सांगत सुटले, पुतणी डॉक्टर होणार, आपल्या शब्दावर.

आत काय लिहिलंय ते कळल्याशिवाय जगदेवीला त्या पाकिटाशेजारी दिवा लावणं जमेना. शुक्रवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. चहाचं आधण उकळत होतं. तिनं पाकीट वाफेवर धरलं. मोहनरावांच्या वाड्यावरची खळ पातळ असावी, लगेच सुटली. वाचून झाल्यावर तिनं गव्हाच्या पिठाची दोन बोटं खळ केली, पाकीट बंद केलं आणि चहा न पिताच ओतून दिला.

संध्याकाळी अण्णा फॉर्म बघायला आले. योगीराज चष्मा लावून टाचणी शोधत होता.

"रुद्राणी, पाकीट फोड," जगदेवी म्हणाली.

"फोडायचं न्हाई म्हणलं ना!" अण्णा ओरडले. पण रुद्राणीनं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि फोडलं.

"वाच. मोठ्यानं."

"'आमचे विश्वासू कार्यकर्ते सिद्धेश्वर यांचे चिरंजीव अमरनाथ यास आपल्या रुग्णालयात लिपिकाच्या जागी घ्यावे. त्यांची पुतणी सोबत अर्ज करीत आहे. तिचे नियमाप्रमाणे पाहावे.'"

नियमाप्रमाणे पाहावे म्हणजे पाहू नये, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. योगीराजच्या हातातली टाचणी तशीच राहिली.

"असा काय बघतोस?" अण्णा त्याच्यावरच उखडले. "वाड्यावर एका कार्यकर्त्याला सालात एकच काम मिळतं. पोरगी उद्या लग्न होऊन जाईल. अमरनाथ घरात राहणार हाय."

"रुद्राणी, त्यांना म्हणावं, मग फॉर्म अमरनाथचा भरायचा. माझ्या पोरीच्या पाठीवर बसून कशाला जायचं?"

"योगीराज, तिला आवर! पाकीट गेलं न्हाई तर वाड्यावर काय तोंड दाखवू मी? तुझ्या दुकानाचा परवाना कुणामुळं हाय, इसरलास का?"

योगीराज बायकोकडे बघेना आणि भावाकडेही बघेना. खाली बघून त्यानं सुंदरबाईंची दोन पानं उचलली, प्राचार्यांच्या पत्रामागं लावली आणि टाचणी खुपसली. उमेदीच्या वयातही त्यानं एवढं धारिष्ट कधी दाखवलं नव्हतं.

अण्णा उठले. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते सरळ चुलीकडे तोंड करून बोलले, "जगदेवी, तू ते पाकीट आधीच वाचलं होतंस ना?"

जगदेवीनं पदर नीट ओढून घेतला. तोंड भिंतीकडेच ठेवलं.

"रुद्राणी, त्यांना म्हणावं, मला बोलायची रीत न्हाई. वाटीत खळ उरली हाय, ती घ्या. चिकटवा आन् अमरनाथच्या हातानं पाठवा."