काजळीची तेवीस पानं

दाभणात दोरा ओवताना मावशी एक डोळा मिटायची. तो डोळा मिटला, की गिऱ्हाईक आपोआप गप्प व्हायचं. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधे तिचं दुकान. खोली दहा बाय बारा. भिंतीला बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, फडताळात निळे आणि मरून पुठ्ठे, हवेत बारमाही सरसाचा वास. एकतीस वर्षं तिनं इथं प्रबंध बांधले आणि एकाही प्रबंधाचं पान कधी मागंपुढं झालं नाही. डॉक्टर होऊ घातलेली मोठमोठी माणसं गुरूला भीत नसत, एवढी तिला भीत.

तिचा नियम एकच. बांधणाऱ्यानं वाचायचं नाही. "आचारी चाखत बसला, की पंगत उपाशी," ती सुनेला सांगायची.

तो नियम मोडला मास्तरांमुळं. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी ब्रिटनच्या इतिहासावर प्रबंध लिहिला, आणि विषय निवडला तिथली धुराडी झाडणारी माणसं. त्यांची बायको गल्लीभर सांगत सुटली होती, "घरातली जळमटं काढा म्हटलं की यांची कंबर धरते. आणि सहा वर्षं साहेबाची धुराडी झाडतायत!"

मास्तरांची पानं लावता लावता मावशीची नजर एका ओळीवर अडकली. पाच-सहा वर्षांची लेकरं वीतभर रुंदीच्या धुराड्यात चढायची, कोपरं-गुडघे सोलवटून घेत. मोठेपणी त्यांतल्या कितीकांना जांघेत कॅन्सरची गाठ उठायची. शेवटी तिथल्या एका वैद्यानं ताडलं, की ही सगळी त्या काजळीची करणी. मावशी उभ्या उभ्या वाचत राहिली. तेवीस पानांचं ते प्रकरण संपेपर्यंत तिला ना हाक ऐकू आली, ना कुणाचं येणंजाणं कळलं.

"आत्याबाई, तिसऱ्यांदा चहा गरम केलाय!" सून ओरडली. मावशी दचकली. हातातली पानं शेजारच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि चहा प्यायला गेली.

शेजारचा गठ्ठा होता कॅन्सरवर काम करणाऱ्या मुलीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मुलगी चार प्रती न्यायला आली. पाचच्या आत त्या विद्यापीठात दाखल झाल्या नाहीत, तर तिची नोंदणी रद्द आणि चार वर्षं पाण्यात. मास्तरही आपल्या प्रबंधाची चौकशी करायला येऊन स्टुलावर बसले होते. मुलीनं चौथी प्रत चाळली आणि थबकली.

"मावशी, माझ्या पेशींमधे ही धुराडी कुठून आली?"

मास्तर उठून डोकावले. "अहो, ही तर माझी!"

मावशीचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला. "मी वाचत बसले," एवढंच ती म्हणाली. चोरी कबूल करावी, तशी.

मग तिनं सुरी घेतली. पुठ्ठा सोलला, टाके उसवले, चिकटलेली पानं एकेक करून सोडवली. पण पुन्हा शिवायची वेळ आली, तेव्हा तिनं एक डोळा मिटला. दोरा काही दाभणात जाईना. सुनेनं दाभण हळूच काढून घेतलं. "आज डोळा मी मिटते, आत्याबाई. तुम्ही सरस लावा."

इकडं मुलगी ती तेवीस पानं वाचत होती. मघाशी घड्याळाकडं बघून नखं खात होती, आता तिला घड्याळाची शुद्ध नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "काजळीतले कण पेशीत शिरून काय करतात, हे मी शोधते. माझं पहिलंच वाक्य आहे, 'काजळीचा धोका फार पूर्वीपासून माहीत आहे.' एवढ्यावर भागवलं मी!"

"त्या 'फार पूर्वीपासून'मधे माझी सहा वर्षं आहेत, बाई."

"मग ते वाक्य बदलायला हवं. तुमचं नाव घालून. एकच पान, शेजारून छापून आणते..."

"खबरदार!" मावशी गरजली. "आता एक कागद जरी आत आला, तर तुलाच शिकंज्यात घालीन. छापील पुस्तक काढशील, तेव्हा घाल त्यांचं नाव."

मास्तर एवढे हसले, की चष्मा पुसावा लागला. हसता हसता म्हणाले, "घरी सांगतो. म्हणावं, धुराड्याला गिऱ्हाईक मिळालं!"

शिकंज्यात रात्रभर राहायची प्रत कशीबशी तासभर राहिली. पावणेपाचला सगळी वरात निघाली. मुलीकडं तीन प्रती, मावशीकडं चौथी, मागं धापा टाकणारे मास्तर. दुकानाला कडी घालून सूनही आलीच.

विद्यापीठाच्या खिडकीतल्या कारकुनानं चौथी प्रत हातात घेतली आणि बोटं हुंगली. "बाई, हे ओलं आहे."

"ओली बाळंतीण आहे, साहेब. जरा जपून हात लावा."

कारकुनाला हसू आवरेना. त्यानं पानं मोजली, सह्या तपासल्या. एक, दोन, तीन, आणि मग चौथा शिक्का पडला. पाचाला चार मिनिटं कमी होती.

मुलीनं मावशीला कडकडून मिठी मारली.

"अगं, हात सरसाचे आहेत माझे! चिकटशील!"

"चिकटू दे," ती म्हणाली, आणि सोडायला काही तयार होईना.